दुसरा हात

चर्चचे पाळकसाहेब उशांच्या कारखान्याच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या काखेत एक किरमिजी उशी होती आणि मिशीखाली दाबून धरलेलं हसू. शनिवारची दुपार होती. वर जेवणाची ताटं मांडली जात होती, उद्याच्या बाप्तिस्म्याचं शेवटचं बोलणं जेवताना उरकायचं होतं, आणि आत्या एकटीच खाली शिलाई मशीन पुसत बसली होती. मशीन सकाळीच पुसून झालं होतं. वर जायचं तिच्या जिवावर आलं होतं, एवढंच.

"रागावू नका," पाळकसाहेब म्हणाले, "पण काल संध्याकाळच्या प्रार्थनेला आमच्या सगळ्या आजीबाई या नव्या उशांवर गुडघे टेकून बसल्या, त्या उठेचनात. गुडघे उशीतून थेट फळीला लागले. एक तर मोठ्यानं म्हणाली, देवा, मी तुझ्यापुढे नम्र आहे, पण इतकी नाही."

आत्याने उशी हातात घेतली. उसवून बघायची गरजच नव्हती. जरा हलवली तशी आत धान्याची टरफलं सळसळली. चर्चमधल्या गुडघे टेकायच्या उशीत घट्ट काथ्या हवा. टरफलं भरतात ती ध्यानाला बसायच्या उशीत, कारण ती बुडाखाली सरकून जागा करून देतात. गुडघ्याखाली सरकली की संपलंच. आणि आज सकाळी विहारात नव्या उशीवर बसल्यावर माकडहाड दुखायला लागलं, तेव्हा ती स्वतःच्या वयाला दोष देत उठली होती! वयाचा काही संबंध नव्हता. ती काथ्यावर बसली होती.

चर्च आणि विहार, दोघांच्याही ऑर्डरी या आठवड्यात एकदमच आल्या होत्या. कापड वाया जाऊ नये म्हणून आत्यानेच दोन्ही उशांचं माप एक ठेवलं होतं, फक्त वरच्या खोळी वेगळ्या: चर्चच्या किरमिजी, विहाराच्या राखाडी. आतल्या पांढऱ्या पिशव्या अगदी सारख्या. तरीही असला घोटाळा या घरात आजवर झाला नव्हता, आणि व्हायला वावच नव्हता. कारण इथे दुसऱ्या हाताची पद्धत होती. आत्याच्या पणजोबांच्या काळात कुणीतरी नव्या कापडाखाली जुन्या चिंध्या भरून दिल्या होत्या, आणि तेव्हापासून नियम पडला: ज्याने भरलं त्याच्याखेरीज घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उघड्या तोंडातून आत हात घालायचा, तळापर्यंत चाचपून आत काय आणि किती आहे ते बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "भरीव." तो शब्द कानावर पडल्याशिवाय सुई उचलायची नाही. चार पिढ्या हे चाललं होतं. गिऱ्हाइकांना ते ठाऊकही नव्हतं.

या आठवड्यात मात्र आत्या आणि तिचा भाऊ दादा एकमेकांशी बोलत नव्हते. दादाने काथ्या भरला, आत्याने टरफलं भरली, दोघांनी पाठीला पाठ लावून आपापल्या पिशव्या शिवल्या आणि आपापले ढीग रचले. दुसरा हात मागायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंडाला तर कुलूप होतं.

"वर चला," आत्या पाळकसाहेबांना म्हणाली. "आता सगळं ताटावरच वाढलेलं बरं."

वर टेबलाभोवती सगळे जमले होते. टोकाला आबा, म्हणजे आत्याचे आणि दादाचे वडील, ज्यांनी कारखाना सोडला तरी कारखान्याने त्यांना सोडलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताला दादा, चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीतला आणि त्यामुळे घरातही थोडा कमिटीत असल्यासारखाच वागणारा. वहिनी भात वाढत होती. ती दादाची दुसरी बायको. पहिली फार लवकर गेली, आणि तिच्या पोराला आत्यानेच वाढवलं. तो पोर आता शाळेत गणित शिकवतो आणि घरात सगळे त्याला मास्तरच म्हणतात. मास्तरच्या शेजारी त्याची बायको, हॉस्पिटलातली नर्स, आणि तिच्या मांडीवर त्यांची तान्ही लेक छकुली. उद्याचा सगळा थाट छकुलीसाठी होता. मास्तरने तिची धर्ममाता, म्हणजे देवासमोर तिची जबाबदारी घेणारी, म्हणून आत्याचंच नाव दिलं होतं, दुसरं कुणाचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

घोडं अडलं होतं ते एका प्रश्नावर. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक धर्ममातेला विचारतात, प्रभू येशूला तू जगाचा एकमेव तारणारा मानतेस का? आणि आत्याने सोमवारी दादाला सांगितलं होतं की याला मी हो म्हणणार नाही.

आता पाळकसाहेबांनी उशी टेबलावर ठेवली आणि हकिगत सांगितली. दादाने उशी दाबून पाहिली. त्याचे कान लाल झाले.

"बाहेरून चर्चची, आतून विहाराची," तो म्हणाला. "कुणाची आठवण होते बरं?"

"दादा, जेवताना नको," मास्तर म्हणाला. बापाला तो लहानपणापासून आत्याचं ऐकून दादाच म्हणायचा.

"मला विचारा की कुणीतरी!" वहिनीने भाताचा डाव आदळला. "खोळी मी चढवल्या. दोन ढीग समोर. मी यांना विचारलं, कुठला कुठल्याचा? हे म्हणाले, तिला विचार. मी आत्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, त्याला विचार. मग मी माझ्या मनानं चढवल्या. या घरात मला भरतीला कधी हात लावू दिलाय कुणी, म्हणून मला कळावं?"

तिचा शब्दन् शब्द खरा होता.

"चुकलं माझं," आत्या म्हणाली. "सगळ्या आज उसवून परत भरू. पण दादा, तू बोललासच आहेस तर सरळ बोल."

"सरळच बोलतो. एका अक्षराचा प्रश्न आहे. हो म्हण आणि मोकळी हो. कोण तुझ्या मनात डोकावून बघणार आहे?"

"एका अक्षराचा आहे म्हणूनच पंचाईत आहे. लांबलचक असता तर मधे कुठेतरी खरं घुसवता आलं असतं."

पाळकसाहेबांना हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. माणूस सरळ होता. भित्रा नव्हता आणि उगाच गोडही नव्हता.

"मला एक सांगा," ते आत्याला म्हणाले. "तुम्ही रविवारी आमच्याकडे गुडघे टेकता, बाकीचे दिवस विहारात डोळे मिटून बसता. आम्ही म्हणतो, माणूस बुडतोय आणि वरून कुणीतरी हात देऊन त्याला काढतो. तिथे शिकवतात, हात द्यायला कुणी येणार नाही, तुझं तूच चाल. दोन्ही एकदम खरं कसं असेल?"

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली.

दादाने हात पसरले. "ऐका! हिला माहीत नाही!"

"नाहीच माहीत. मास्तरची आई गेली तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन चर्चमध्ये रोज जायचे. रोज बोलायचे देवाशी, भांडायचे. त्यानं मला धरून ठेवलं, हे खरं आहे. कुणी काही म्हणो, तो हात मला लागलाय. पण रात्री झोप नव्हती आणि डोक्यातलं बोलणं थांबत नव्हतं. ते थांबवायला मी विहारात शिकले. बसायचं, श्वास बघायचा, राग आला की तो कुठून आला ते बघायचं. तिथे माझ्या वतीनं कुणी बसलं नाही, मीच बसले. हेही खरं. आता या दोन खऱ्या गोष्टी एकमेकांत कशा बसतात ते मोठ्या लोकांनी ठरवावं. मला दोन्ही सोडता येत नाहीत."

"उशीत काथ्या आणि टरफलं एकत्र भरलीस तर काय होईल?" दादा म्हणाला. "ना गुडघ्याला कामाची, ना बसायला."

"ते मला तुझ्याइतकंच कळतं. म्हणून मी एकत्र भरतच नाही. विहारात जाऊन मी प्रार्थना करत नाही आणि चर्चमध्ये बसून श्वास मोजत नाही. पण गुडघेही माझेच आहेत आणि बैठकही माझीच. त्यातलं कुठलं कापून टाकू?"

नर्सबाईला इतका वेळ गप्प बसणं जमलं हेच नवल. "तुम्ही सगळे ठरवताय," ती म्हणाली, "आणि मूल माझं आहे. मी कामावर असते तेव्हा छकुली कुणाजवळ झोपते? कुणाच्या हातून दूध पिते? मला आत्याच हव्यात."

"मग बाप्तिस्माच पुढे ढकलू," मास्तर म्हणाला.

"पुढे ढकलून प्रश्न बदलणार आहे का?" दादा म्हणाला.

"नाहीतर मी आहेच की," वहिनी हळूच म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदराने हात पुसले. "मी हो म्हणताना अडखळणार नाही. माझा विश्वास आहे तसा."

आत्याला हे लागलं. छकुलीवर तिचा जीव होता, आणि पहिल्यांदाच कुणीतरी तिला देवासमोर त्या मुलीची धर्ममाता म्हणणार होतं. पण वहिनीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि या घरात तिला नेहमी शिल्लक राहिलेलीच जागा मिळाली होती, हेही खोटं नव्हतं.

"पाळकसाहेब," आत्या म्हणाली, "तुम्ही प्रश्न बदलाल का?"

"प्रश्न माझ्या घरचा नाही. मी बदलू शकत नाही. पण उत्तरही मी तुमच्या तोंडात घालणार नाही. उत्तर वेगळं आलं तर आपल्या मंडळीत एक सोय आहे. पंचांपैकी कुणीतरी उठून मान्य म्हणायचं, की या व्यक्तीची जबाबदारी मी घेतो. कुणी उठलं नाही, तर मी बाळ दुसऱ्या धर्ममातेकडे देणार. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका."

"बाकीचे तिघं पंच तुमच्या तोंडाकडे बघणार," मास्तर दादाला म्हणाला. "म्हणजे तुम्हीच."

"माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका," दादा म्हणाला.

"ठेवत नाही," आत्या म्हणाली. "पण मी हो म्हणणार नाही. मला तिथे उभं राहू दे. विचारतील, मी खरं सांगेन. कुणी उठलं नाही तर वहिनी, तुम्ही पुढे व्हा, मी स्वतः बाळ तुमच्या हातात देईन. मात्र छकुलीसाठी दिलेला पहिलाच शब्द मी खोटा देणार नाही. उद्या ती मोठी होऊन मला काही विचारेल. तेव्हा मी कुठल्या तोंडानं तिला खरं बोल म्हणू?"

आबांनी इतका वेळ मान वर केली नव्हती. घरातले सर्वात कडवे तेच, असा सगळ्यांचा समज होता. ते आता वरण कालवायचं थांबले.

"देवाधर्माच्या गोष्टी करताय," ते म्हणाले, "आणि आठवडाभर एकमेकांच्या उशीत हात घातला नाहीत. माझ्या बापाशी माझी मारामारी व्हायची, तरी दुसरा हात चुकला नाही. आधी खाली जा. उशा नीट करा. नंतर देवाला तोंड दाखवा."

विहारातल्या उशा आणायला दादालाच जावं लागलं, कारण गाडी तोच चालवायचा. तो गेला तेव्हा कपाळाला आठ्या होत्या. तोवर वहिनी आणि आत्या चर्चच्या उशा उसवत बसल्या. टाके काढायची छोटी कात्री दोघींच्या हातात सारखीच चालत होती.

"मला ती जागा हवी होती," वहिनी एकदम म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण कुणाचं उसवून नको होती. उद्या तुम्ही आधी बोला. शांतपणे बोला. मी मागे उभी आहे."

"वहिनी, या उशांना दुसरा हात तुम्ही द्याल का?"

वहिनीने कात्री खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आत्याने तिला शिकवलं: बोटं पसरायची, कोपऱ्यापासून सुरू करायचं, पोकळ लागलं की थांबायचं. पहिल्या दोन उशा तिने परत केल्या, कोपरे रिकामे म्हणून. आत्याला बरं वाटलं. नंतर आबा कठडा धरून खाली उतरले आणि पाळकसाहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. "गुडघे तुमच्या लोकांचे," ते म्हणाले, "घाला हात." पाळकसाहेबांनी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात घातला आणि विचारलं, "आता काय म्हणायचं?"

"खरं वाटत असेल तर भरीव म्हणायचं. नसेल तर गप्प बसायचं."

"भरीव," पाळकसाहेब म्हणाले, आणि काथ्याचे तंतू झटकत घरी गेले.

दादा परतला तेव्हा आठ्या जागच्या जागी होत्या, पण आवाज उतरला होता. राखाडी उशांचे गठ्ठे त्याने जमिनीवर टाकले.

"चपला काढून आत जावं लागलं," तो म्हणाला. "एक भिक्खू स्वतः गठ्ठे उचलू लागले. नको म्हटलं तर ऐकेनात. त्यांना कळलं मी तुझा भाऊ. म्हणाले, ताई रविवारी कधी येत नाहीत. रविवारी मला घरी जायचं असतं, म्हणतात."

आत्या टरफलं भरत राहिली.

"घरी म्हणजे चर्चला?"

"मग काय."

"आणि म्हणाले, एका बाईंनी तुला गळ्यातला क्रूस काढून ठेवायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

"नाही काढला. तिला म्हटलं, इथे बसायला तुम्ही रोखलंत तर पायरीवर बसेन, पण हा निघणार नाही. मग नाही रोखलं कुणी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला असतास, बघ, मी सांगत होतो ना."

दादाला हसू आवरलं नाही. आठवडाभरात पहिल्यांदा तो हसला. "म्हणालोच असतो," तो म्हणाला. लहानपणी तो तिला टाचणी म्हणायचा, एवढीशी आणि बोचणारी. आताही म्हणाला, "टाचणी आहेस तू, टाचणी."

तिने भरलेल्या पिशवीचं उघडं तोंड त्याच्यापुढे धरलं. दादा खाली बसला, त्याने हात आत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिला. एवढा वेळ लागत नाही.

"भरीव," तो शेवटी म्हणाला.

मग त्याने भरलेला काथ्या तिने तपासला. असं अंधार पडेपर्यंत चाललं. उठताना आत्याने विचारलं, "उद्या उभा राहशील?"

"ते विचारू नकोस," दादा म्हणाला. "मी पंच आहे. मला माझाही विश्वास आहे, तो मी तुझ्यासाठी पातळ करणार नाही."

"करू नकोसच," आत्या म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं. तरी तिला झोप लागली नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. आजीबाई पुढच्या रांगेत, नव्या उशांवर गुडघे टेकून ताठ. आत्याच्या हातात छकुली पांढऱ्या दुपट्यात गाढ झोपलेली, मागे वहिनी, बाजूला मास्तर आणि नर्सबाई. आत्याच्या गळ्यात क्रूस होता.

पाळकसाहेबांनी पुस्तकातला प्रश्न एकही शब्द न गाळता विचारला.

"प्रभू येशूवर माझं प्रेम आहे," आत्या म्हणाली. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "मी त्याच्यापुढे गुडघे टेकते आणि मरेपर्यंत टेकीन. त्यानं मला तारलंय. पण एकमेव आहे का, हे मला माहीत नाही, कारण मला शांत बसायला दुसरीकडे शिकवलं गेलं आणि ते मी नाकारू शकत नाही. म्हणून मी हो म्हणत नाही. या मुलीला मी त्याच्या गोष्टी सांगेन, तिला इथे घेऊन येईन, आणि तिच्याशी कधी खोटं बोलणार नाही. एवढं वचन मी देते."

कुजबुज उठली आणि विरली. पाळकसाहेबांनी पंचांच्या बाकाकडे पाहिलं. तिघे पंच दादाकडे बघत होते आणि दादा आपल्या हातांकडे. छकुली जागी झाली. वहिनीने पुढे पाऊल टाकलं नाही, उलट अर्धं मागे घेतलं. आत्याने बाळाला छातीशी धरलं आणि मनात म्हटलं, आता सोडायची वेळ आली.

दादा उठला. एक हात त्याने बाकाच्या पाठीवर टेकला. आता त्याने मान्य म्हणायचं होतं, मंडळीचा ठरलेला शब्द तोच. त्याने दोनदा घसा खाकरला. आणि मग कारखान्यात म्हणायचा तसं, मोठ्याने, मशीनच्या आवाजातही ऐकू जाईल असं तो म्हणाला,

"भरीव."

मंडळीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, बाही वर सारली आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात हात घातला.